स्विच ऑन... आणि मग?

कॉक्लिअर इम्प्लांटचा तो तीस सेकंदांचा व्हिडिओ आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केलाय. पण त्या तीस सेकंदांआधी एक घड्याळ टिकटिकत असतं आणि नंतर काही वर्षांचा गृहपाठ असतो. आई-बाबा झालेल्या, होऊ घातलेल्या किंवा नुसतंच मित्राच्या बारशाला निघालेल्या सगळ्यांसाठी...

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिलाय. नाही म्हणूच नका! आईच्या मांडीवर वर्षाचं बाळ, कानामागे रुपयापेक्षा थोडी मोठी चकती, समोर लॅपटॉप घेऊन बसलेली ऑडिओलॉजिस्ट. ती एक बटण दाबते. बाळाच्या तोंडातली चोखणी गळून पडते. डोळे मोठ्ठे होतात. आई नाव घेऊन हाक मारते... आणि बाळ हसतं. लंच ब्रेकमध्ये आपण हे बघतो, हळूच डोळे पुसतो, ग्रुपवर टाकतो आणि परत एक्सेल शीटमध्ये घुसतो.

या लेखासाठी माहिती गोळा करायला बसले तेव्हा पहिली गंमत कळली ती ही, की त्या क्षणी बरीचशी बाळं हसत नाहीत, चक्क भोकाड पसरतात! आणि ते बरोबरच आहे. आयुष्यात कधी न अनुभवलेलं काहीतरी अचानक डोक्यात सुरू झालं तर तुम्ही-आम्हीही दचकूच. हसणं असो की रडणं, बाळाला त्या क्षणी आईची हाक ‘कळलेली’ नसते. काहीतरी होतंय एवढंच त्याला जाणवलेलं असतं. तिथून ‘आई’ हा शब्द समजेपर्यंत आणि पुढे तो त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत बराच पल्ला असतो. तो पल्ला गाठता येईल की नाही, हे मोठ्या प्रमाणावर एका गोष्टीवर ठरतं. ती म्हणजे बाळाचं वय.

आता तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही अजून ईएमआयमध्ये अडकलोय. पण बॉस, जरा आजूबाजूला बघा. कॉलेजच्या ग्रुपवर लग्नाच्या फोटोंची जागा बारशाच्या फोटोंनी घेतलीये. जन्मतः लक्षणीय बहिरेपण असलेल्या बाळांचं प्रमाण जगभरात हजारी एक ते दोन एवढं सांगितलं जातं. ऐकायला कमी वाटतं, पण जन्मतःच तपासता येणाऱ्या दोषांमध्ये हा बऱ्यापैकी नेहमीचा आहे. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार अशी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ज्यांना छान ऐकू येतं अशाच आई-बापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे ‘आमच्या घराण्यात असं कुणी नाही’ हे वाक्य इथे फारसं कामाचं नाही.

गुंडाळून ठेवलेली पेटी

आधी कानाचा फंडा समजून घेऊ. बाहेरचा कान आवाज गोळा करतो, पडदा थरथरतो. पडद्यामागे तीन चिमुकली हाडं असतात: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ते आतल्या खोलीचं दार ठोठावतं. ही खोली म्हणजे कॉक्लिआ. गोगलगायीच्या शंखासारखी, अडीच-पावणेतीन वेढ्यांची, पाण्यानं भरलेली आणि वाटाण्याएवढी. तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेचं विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करणं हे त्यांचं काम. मग श्रवणतंतू तो इशारा मेंदूकडे पोहोचवतो. शंखाच्या तोंडाशी तार सप्तक, आत टोकाशी खर्ज. जणू अख्खी पेटी गुंडाळून कानात ठेवलीये!

या केसपेशी माणसात एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. बऱ्याच जन्मजात बहिरेपणात घोळ इथेच असतो. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. पण केसपेशीच कामाच्या नसतील तर मोठा केलेला आवाजही दारातच थांबतो. कॉक्लिअर इम्प्लांट दुसरा रस्ता धरतं. जालना रोडच्या गर्दीत न शिरता बीड बायपासनं निघून जावं, तसं ते केसपेशींना वळसा घालतं आणि श्रवणतंतूला थेट विजेचे इशारे देतं.

त्याचे दोन भाग. बाहेर कानामागे माइक आणि प्रोसेसर असतो, शिवाय लोहचुंबकानं डोक्याला चिकटणारी ती चकती. आत कातडीखाली बसवलेला रिसीव्हर आणि त्यातून निघून कॉक्लिआत शिरणारी केसासारखी नाजूक तार. त्या तारेवर कंपनीनुसार बारा, सोळा किंवा बावीस इलेक्ट्रोड असतात. पंधरा हजार पेशींचं काम बावीस ठिपक्यांवर! तरीही माणूस भाषा शिकतो, हे खरं आश्चर्य.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, साधारण दोन-तीन तासांचं. कानामागे छेद घेतात, तिथलं हाड बारीक ड्रिलनं कोरतात आणि चेहऱ्याच्या नसेला जपत कॉक्लिआपर्यंत पोहोचतात. घरच्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘मेंदूचं ऑपरेशन’ या शब्दांची. पण मेंदूला इथे हात लागत नाही. आधी सीटी स्कॅन आणि एमआरआय करून कॉक्लिआची घडण कशी आहे, श्रवणतंतू आहे ना, हे बघितलं जातं. मेंदूज्वराचा धोका कमी करायला न्यूमोकॉकलची लसही देतात. जखम भरल्यावर, म्हणजे साधारण दोन ते चार आठवड्यांनी, येतो तो व्हिडिओवाला दिवस. स्विच ऑन!

गवताचं पातं आणि शिंपला

या यंत्राचा जन्म एका दिवसात झालेला नाही. १९५७ मध्ये पॅरिसच्या आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूला वीज देऊन पाहिली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊस यांनी इम्प्लांट बसवले. तेव्हाची यंत्रं एकाच चॅनलची. आवाज आहे हे कळायचं, शब्द मात्र ओठ बघूनच ओळखावे लागायचे.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅमी क्लार्क यांचे वडील औषधांचं दुकान चालवायचे आणि त्यांना कमी ऐकू यायचं. गिऱ्हाईकाला पुन्हा पुन्हा विचारणारे वडील बघत वाढलेला हा मुलगा पुढे कानाचा सर्जन झाला. त्यांच्यापुढचा प्रश्न असा, की नाजूक शंखाच्या वेढ्यांत तार घालायची कशी? १९७७ मध्ये समुद्रकिनारी बसले असताना त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताचं पातं सरकवून पाहिलं. टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेलं पातं सरसर आत गेलं. कोडं सुटलं! १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये रॉड सॉन्डर्स या अपघातात श्रवण गमावलेल्या गृहस्थांवर त्यांनी अनेक चॅनलचं इम्प्लांट बसवलं. त्याच सुमारास, डिसेंबर १९७७ मध्ये, व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्यानं बनवलेलं यंत्रही बसवलं गेलं होतं. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि आवाजाचं गणित बसवणारे अमेरिकेचे ब्लेक विल्सन या तिघांना २०१३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आजवर जगभरात दहा लाखांहून जास्त इम्प्लांट बसवले गेलेत.

आपल्याकडे या क्षेत्रातलं मोठं मराठी नाव म्हणजे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

सगळ्या कानांना इम्प्लांट नको

इथे एक ब्रेक. ‘कमी ऐकू येतं’ म्हटलं की लगेच इम्प्लांटकडे पळायचं नाही. घोळ कानाच्या कुठल्या खोलीत आहे त्यावर इलाज ठरतो.

कान फुटून पडद्याला भोक पडलं असेल तर पडद्याचं ऑपरेशन होतं, बहुधा कानाजवळचंच पातळ आवरण वापरून. गावाकडे ‘कान वाहतोय, वाहू दे’ म्हणत वर्षं काढली जातात, ती नका काढू. कोमट तेल तर अजिबात नको. रिकीब घट्ट होऊन बसलं असेल, ज्याला डॉक्टर ओटोस्क्लेरोसिस म्हणतात, तर ते काढून तिथे छोटासा पिस्टन बसवतात. हे ऑपरेशन १९५६ मध्ये अमेरिकेच्या जॉन शे यांनी प्रथम केलं. ऐन विशी-तिशीत सुरू होणारा हा आजार आहे, त्यामुळे ‘मला काय होतंय’ म्हणू नका.

थोड्याफार शिल्लक केसपेशींवर चांगलं श्रवणयंत्र उत्तम काम करतं. म्हणूनच इम्प्लांटआधी बाळाला काही महिने श्रवणयंत्र लावून बघतात. त्याचा उपयोग होत नाही असं दिसलं, तरच पुढचं पाऊल. आणि श्रवणतंतूच नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटही चालत नाही.

बावीस ठिपक्यांची भाषा

इम्प्लांटमधून नेमकं कसं ऐकू येत असेल? त्याची नक्कल करणाऱ्या ध्वनिफिती मिळतात. मी हेडफोन लावून बसले. एका चॅनलवर नुसती खरखर, रेडिओचं स्टेशन हुकल्यासारखी. चार चॅनलवर कुणीतरी घसा बसलेला माणूस बोलतोय असं वाटलं. नीट लक्ष दिल्यावर वाक्य लागलं. आठ चॅनलवर रोबो बोलावा तसं, पण अर्थ स्पष्ट. मग गाणं लावलं... आणि सगळा घोटाळा! ठेका कळतो, चाल हरवते. मागे गर्दीचा आवाज टाकला तर शब्दही पुन्हा बुडाले.

मला वाक्य का लागलं? कारण माझ्या मेंदूत भाषा आधीपासून भरलेली आहे. त्यानं तुटक तुकडे जोडून घेतले. मोठेपणी श्रवण गमावलेल्या माणसांचं असंच होतं. त्यांचा मेंदू नव्या आवाजाची जुन्या आठवणीशी सांगड घालतो आणि ते तुलनेनं लवकर सावरतात. जन्मतः बहिऱ्या बाळाकडे जोडायला आठवणच नसते. त्याला त्या खरखरीतूनच अख्खी मराठी उभी करायची असते. हे तो करू शकतो, पण मेंदू त्यासाठी तयार असतो तेव्हाच.

घड्याळ, घड्याळ

अभिमन्यूची गोष्ट आपल्याला पाठ आहे. चक्रव्यूह पोटात ऐकता येत नसेल कदाचित, पण आईचा आवाज येतो! गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळ ऐकू लागतं आणि जन्मल्यावर आईचा आवाज इतर आवाजांपेक्षा जास्त पसंत करतं, हे १९८० पासून प्रयोगांनी सिद्ध झालंय. म्हणजे जन्मतः बहिरं बाळ पहिल्याच दिवशी काही महिने मागे असतं.

मेंदूतला ऐकण्याचा भाग आवाजाची वाट बघत बसत नाही. आवाज आलाच नाही तर ती जागा बघण्याच्या, स्पर्शाच्या कामाला लागते. रिकामी राहिलेली डेस्क दुसऱ्या टीमनं बळकवावी, तसं! अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या संशोधक अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसलेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद लवकरच वयाला साजेसा होतो. सात वर्षांनंतर बसवलं तर बहुतेकांमध्ये तसं होत नाही. यंत्र तेच, सर्जनही तेवढाच कुशल. फरक फक्त वयाचा.

म्हणून तर वयाची अट सतत खाली आली. अमेरिकेच्या एफडीएनं १९९० मध्ये मुलांसाठी परवानगी दिली ती दोन वर्षांपासून पुढे. २००० मध्ये ती बारा महिन्यांवर आली आणि २०२० मध्ये नऊ महिन्यांवर. त्याच्या मागचा सोपा मंत्र आहे १-३-६: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

पहिली तपासणी अगदी साधी. ओएई नावाची. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडूक घालतात, मशीन टिकटिक आवाज सोडतं आणि कॉक्लिआतून येणारा बारीकसा प्रतिध्वनी मोजतं. काही मिनिटांचं काम, सुई नाही, दुखणं नाही. त्यात शंका आली तर पुन्हा चाचणी आणि मग बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूची वाट कशी प्रतिसाद देते ते बघणं. पहिल्यांदा ‘रेफर’ आलं म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. कानात जन्माच्या वेळचा चिकटा असला तरी तसं येतं. पण दुसऱ्या चाचणीची तारीख मात्र चुकवायची नाही.

‘उशिरा बोलेल हो, याचे बाबापण...’

आता येऊ आपल्या मराठवाड्यात. दीड वर्षाचं पोर बोलत नाही म्हटलं की घरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली. ‘अगं, याचे बाबापण तीन वर्षांचे झाल्यावर बोलले.’ ‘मुलगे उशिराच बोलतात.’ मग आजी स्वयंपाकघरातून थाळी आपटते, बाळ वळून बघतं आणि सगळे निर्धास्त. पण थाळीचा हादरा जमिनीतून जाणवतो, सावली दिसते, आणि खूप मोठा आवाज थोडंफार ऐकू येणाऱ्यालाही येतो. ‘स’ आणि ‘श’ येतात का, हे थाळी सांगत नाही. अशा निर्धास्तपणात वर्ष-दोन वर्षं निघून जातात. तीच सगळ्यात महागडी.

दुसरा मुद्दा नाजूक आहे, पण बोलू या. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न ही आपल्याकडच्या पाहुण्यारावळ्यांत अजूनही ऐकू येणारी गोष्ट. जन्मजात बहिरेपणात आनुवंशिक कारणांचा वाटा मोठा आहे. जीजेबी-२ नावाच्या जनुकातला बिघाड हे त्यातलं एक मुख्य कारण. आई-वडील दोघांकडे बिघडलेली एकेक प्रत असेल तर दोघांनाही ठणठणीत ऐकू येतं, पण प्रत्येक बाळाला बहिरेपण येण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. यात कुणाचा दोष नाही, शाप नाही, ग्रहणात भाजी चिरल्याचा परिणाम तर नाहीच नाही! उलट या जनुकामुळे बहिरी असलेली मुलं इम्प्लांटनंतर सहसा चांगली प्रगती करतात, कारण त्यांचा श्रवणतंतू शाबूत असतो.

बाकी धोक्याच्या खुणाही माहीत असू द्या. बाळ वेळेआधी जन्मलं, काचेच्या पेटीत राहिलं, कावीळ खूप वाढली, मेंदूज्वर झाला, आईला गर्भारपणात रुबेला झाला, तर कानांची तपासणी हवीच. खासगी हॉस्पिटलमध्ये डिस्चार्जच्या वेळी ‘ओएई झाली का?’ एवढं एक वाक्य विचारा. सरकारी बाजूला २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात जन्मजात बहिरेपण तपासायच्या यादीत आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकानं यावं अशी रचना आहे. आपल्या शहरात घाटीचा कान-नाक-घसा विभाग आहेच. छत्रपती संभाजीनगरच नाही, अख्ख्या मराठवाड्याचा भार वाहणारं हे रुग्णालय. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाला तिथला रस्ता दाखवणं, हेसुद्धा एक कामच आहे.

पैशांचं काय?

हा प्रश्न येणारच. यंत्राचीच किंमत लाखांत जाते. १ एप्रिल २०१४ पासून सुधारित झालेल्या केंद्राच्या एडिप योजनेत इम्प्लांटसाठी एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली, त्यावरून अंदाज घ्या. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे आणि जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांची ठेवली गेली. पाहिलंत? घड्याळ इथेही आहे!

या योजनेची सूत्रं मुंबईत वांद्र्याला असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे दिली गेली. ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेला नाव मिळालं ते १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचं. मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. म्हणजे एका परीनं आपल्या जुन्या संस्थानातलेच!

योजनेत वर्षाला ५०० मुलांचा विचार केला होता. आता साधं गणित करा. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. हजारी एक धरलं तरी वीस हजारांच्या वर. सगळ्यांना इम्प्लांट लागत नाही, काही राज्यांच्या आणि ट्रस्टच्या वेगळ्या योजनाही आहेत. तरीही ५०० आणि वीस हजार यांतली दरी बघून पोटात गोळा येतो. लवकर अर्ज, लवकर कागद, लवकर दिव्यांग प्रमाणपत्र, हे सगळं म्हणूनच महत्त्वाचं. आणि नोकरदारांनो, ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये जन्मजात आजार आणि इम्प्लांट धरलंय का, बाहेरचा प्रोसेसर धरलाय का, हे एचआरला एकदा विचाराच. तो ईमेल आजच टाका.

खर्च ऑपरेशनबरोबर संपत नाही, हेही आधीच माहीत हवं. आतला भाग वर्षानुवर्षं टिकावा असा बनवलेला असतो. बाहेरचा प्रोसेसर मात्र मोबाइलसारखाच. वायर तुटते, बॅटरी उतरते, घाम जातो, काही वर्षांनी बदलायची वेळ येते. ‘फुकट ऑपरेशन झालं’ म्हणून पेढे वाटणाऱ्या कुटुंबाला तीन वर्षांनी वायर परवडत नाही आणि मूल पुन्हा शांततेत जातं. मदत करायची इच्छा असलेल्या वाचकांनो, देणगी द्यायला ही जागा फार चांगली आहे.

खरं ऑपरेशन घरी होतं

स्विच ऑन झाल्यावर सुरू होतं मॅपिंग. कुठल्या इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची, किमान किती आणि सोसवेल अशी कमाल किती, हे ऑडिओलॉजिस्ट एकेक करून ठरवते. पहिल्या वर्षात त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं. पुण्याला जाणाऱ्या कुटुंबासाठी एका बाजूनं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, वर बुडालेली रोजंदारी. म्हणूनच इम्प्लांट कुठे करायचं हे ठरवताना ‘मॅपिंग आणि थेरपी कुठे?’ हा प्रश्न सर्जनच्या नावाइतकाच महत्त्वाचा.

मग थेरपी. आठवड्यातला एखादा तास थेरपिस्टचा, उरलेला अख्खा आठवडा घरच्यांचा. फंडा एकच: बोला, बोला, बोला. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, स्कूटरवर किल्ली फिरवताना. आधी ऐकवा, मग दाखवा. रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर सहा आवाजांची चाचणी: म, ऊ, आ, ई, श, स. तोंड झाकून एकेक आवाज काढायचा आणि मूल प्रतिसाद देतंय का बघायचं. खर्जापासून तार स्वरापर्यंत सगळं तपासून होतं, तेही एका मिनिटात आणि फुकट.

या घरांमध्ये एक सुंदर शब्द वापरतात, ‘ऐकण्याचं वय’. मूल तीन वर्षांचं, इम्प्लांट दोन वर्षांचं असताना सुरू झालं, तर त्याचं ऐकण्याचं वय एक. शेजारच्या तीन वर्षांच्या मुलीशी त्याची तुलना करायची नाही, एक वर्षाच्या बाळाशी करायची. आणि यंत्र जागेपणी सतत कानावर हवं. प्रोसेसर रोज किती तास चालू होता याची नोंद यंत्रात राहते. आपल्या स्क्रीन टाइमच्या रिपोर्टसारखी. डॉक्टरांना थाप मारण्याची सोय नाही!

हातांनी बोलणारेही बोलतातच

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. इम्प्लांटमुळे बहिरेपण ‘बरं’ होत नाही. रात्री, आंघोळीला यंत्र काढलं की पुन्हा शांतता. गोंगाटात त्रास होतो, गाण्याची मजा अनेकांना पूर्ण मिळत नाही. आणि ज्यांचं वय निघून गेलं किंवा ज्यांना हे नकोच आहे, ती माणसं काही कमी ठरत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. मुलाला भाषा मिळणं महत्त्वाचं, कानातून की हातातून हा पुढचा प्रश्न. धोका एकच: दोन्हीपैकी काहीच न मिळता पाच वर्षं जाणं.

म्हणून पुढच्या बारशाला जाल तेव्हा चांदीच्या वाळ्यांसोबत एक प्रश्न घेऊन जा: ‘कानांची तपासणी झाली का रे?’ थोडं विचित्र वाटेल. मित्र म्हणेल, डॉक्टर कधीपासून झालीस? विचारा तरीही. उत्तर ‘हो’ आलं तर पेढा खा. ‘नाही’ आलं तर पेढा खाऊन झाल्यावर तारीख ठरवूनच निघा.

चौकट: बाळाचं लक्ष आहे ना?

• जन्मल्यानंतर: मोठ्या आवाजानं दचकतं.
• सहा महिन्यांच्या आसपास: आवाजाच्या दिशेनं मान वळवतं.
• एक वर्ष: नावाला ओ देतं, पहिला शब्द येऊ लागतो.
• दोन वर्षं: ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडी.
यातलं काही होत नसेल तर वाट बघू नका, कानांची तपासणी करून घ्या.

चौकट: आणि तुमचे कान?

• जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ठीक. ९० ला फक्त चार तास, १०० ला जेमतेम वीस मिनिटं. इअरफोन आणि डीजेवाल्यांनो, हिशेब करा.
• वाळूज, चिकलठाण्यात शॉप फ्लोअरवर काम करत असाल तर इअरप्लग ‘डाऊनमार्केट’ नाहीत. गेलेल्या केसपेशी बोनसमध्ये परत मिळत नाहीत.
• एका कानानं अचानक ऐकू येणं कमी झालं तर ‘मळ असेल’ म्हणत आठवडा घालवू नका. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी विषाणू संसर्गानंतर अचानक श्रवणदोष झाल्याचं जाहीर केलं होतं. अशा वेळी एक-दोन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. उपचार जितके लवकर, तितकी आशा जास्त.